लूप बंद होतो, पण कुठे?

सीएनसीची वायरिंग : लेखांक ९

प्लायवूडवर जाळी कापणारा आठ बाय चारचा राउटर. गॅन्ट्रीला दोन्ही बाजूंनी एकेक मोटार, चारही मोटारी क्लोज्ड लूप, मशीन जेमतेम तीन महिन्यांचं. एका दुपारी उजव्या रॅकमध्ये लाकडाची ढलपी अडकली. उजवी मोटार थांबली, डावी आपली चालतच राहिली. गॅन्ट्री तिरकी झाली, टूल मोडलं, शीट वाया गेली. मालक मित्रच. फोनवर त्याचं एकच पालुपद : ‘अरे, क्लोज्ड लूप आहे ना हे? मग असं झालंच कसं?’

जाऊन पॅनल उघडलं. चारही ड्राइव्हच्या अलार्म टर्मिनलचे स्क्रू नवे कोरे होते. त्यांना कधी स्क्रूड्रायव्हर लागलाच नव्हता.

मागच्या लेखातला साधा स्टेपर आठवा. फेरीला २०० स्टेप, एका स्टेपला १.८ अंश. ड्राइव्ह करंट सोडतो आणि मोटार फिरली असं धरून चालतो. क्लोज्ड लूपमध्ये मोटारीच्या शेपटाला एन्कोडर असतो, बहुतेकदा १००० रेघांचा. दोन चॅनेलच्या चढउतारांमुळे एका रेघेच्या चार मोजण्या होतात, म्हणजे फेरीला ४०००. मोटार मागे पडली की ड्राइव्ह करंट वाढवून तिला गाठायला लावतो. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की लाल दिवा लावतो आणि मोटार सोडून देतो.

पण हा सगळा व्यवहार ड्राइव्ह आणि मोटारीचा आपसातला. कंट्रोलरला त्यातलं काही कळत नाही, तो पल्स पाठवून मोकळा. उजवा ड्राइव्ह लाल झाला तरी डाव्याला पल्स जातच राहणार. लूप ड्राइव्हपाशी बंद झालेला असतो आणि कंट्रोलर त्याच्या बाहेर उभा असतो. आतली खबर बाहेर नेणारी एकच वाट आहे, ती म्हणजे अलार्मची तार. नेमकी तीच ‘नंतर बघू’ म्हणून राहते, कारण तिच्याशिवायही मशीन चालतं.

आता जोडणीकडे. मोटारीच्या चार तारा म्हणजे दोन कॉइल. रंगांवर विश्वास ठेवू नका. मोटार सुटी असताना दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. अडखळत, जड फिरला तर ती जोडी एकाच कॉइलची. मीटर नसला तरी हे जमतं.

इथे जुने हात हमखास चुकतात. साध्या स्टेपरची दिशा उलटी आली तर एका कॉइलच्या दोन तारा अदलाबदल करायच्या, ही आपली वर्षानुवर्षांची सवय. क्लोज्ड लूपला असं केलंत तर मोटार एका दिशेला फिरते आणि ड्राइव्ह एन्कोडरकडे बघून समजतो की ती उलटी चालली आहे. तो जितकी दुरुस्ती करतो तितकी चूक वाढते. परिणाम : पॉवर दिल्यावर किंवा पहिल्याच पल्सला एक झटका, एक गुरगुर आणि लाल दिवा. मग ‘ड्राइव्ह खराब आला’ म्हणून तो परत पाठवला जातो. मी स्वतः असा एक पाठवला आहे. दिशा बदलायची ती ड्राइव्हवरच्या स्विचनं किंवा कंट्रोलरच्या सेटिंगमधून. मोटारीच्या तारांना हात लावायचा नाही. एन्कोडरचा प्लग पॉवर चालू असताना काढायचा किंवा घालायचा नाही, हेही त्याच दमात.

सप्लायचं थोडक्यात : ड्राइव्हची कमाल मर्यादा ५० व्होल्ट असेल तर ४८चा एसएमपीएस लावून काठावर बसू नका. जड गॅन्ट्री झटकन थांबते तेव्हा मोटारच वीज परत ढकलते आणि व्होल्टेज वर चढतं. ३६ व्होल्टवर मशीन शांत चालतं.

पल्सचं गणित मात्र कागदावर करा. ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू आणि फेरीला १६०० पल्स, म्हणजे मिलिमीटरला ३२०. एन्कोडर ४०००चा म्हणून ड्राइव्हही ४०००वर ठेवला तर मिलिमीटरला ८०० होतात. मिनिटाला ३००० मिमी वेग हवा असेल तर सेकंदाला ४०,००० पल्स लागतील. पॅरलल पोर्टवरचा माक थ्री नेहमीच्या सेटिंगला २५,०००वर अडकतो. १६०० ठेवलेत तर तोच वेग १६,०००मध्ये निघतो.

कंट्रोलर २४ व्होल्टचा आणि ड्राइव्हचं इनपुट ५ व्होल्टचं असेल तर प्रत्येक सिग्नलला २ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये. काही ड्राइव्हवर त्यासाठी स्विच असतो, तो आधी बघा.

आणि एन्कोडरला काय दिसत नाही, तेही. स्पिंडलच्या व्हीएफडीच्या गोंगाटातून सिग्नलमध्ये दोन पल्स जास्त घुसले, तर ड्राइव्ह ते इमानदारीनं चालवतो. दिशेचा सिग्नल पल्सच्या पुरेसा आधी पोहोचला नाही, तर दर वळणावर एखादा पल्स चुकीच्या बाजूला जातो आणि जॉब हळूहळू सरकतो. अलार्म नाही, काही नाही, कारण ड्राइव्हनं जे ऐकलं ते तंतोतंत केलेलं असतं. कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला असेल तरी तेच. एन्कोडर मोटारीवर आहे, टेबलावर नाही.

मित्राच्या मशीनवर त्या संध्याकाळी चारही अलार्म कंट्रोलरच्या वेगवेगळ्या इनपुटला नेले. ड्राइव्हगणिक अलार्मचा संपर्क नेहमी जोडलेला असतो किंवा नेहमी तुटलेला. निवडता येत असेल तर जोडलेला घ्या, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबेल. एक धोका ध्यानात ठेवा : अलार्म आल्यावर मोटार सैल पडते, आणि झेड अक्षावरचा जड स्पिंडल खाली घसरू शकतो. तिथे ब्रेकची मोटारच हवी.

तपासणीसाठी मोटार कपलिंगपासून सोडवली, पॉवर बंद करून तिच्या एन्कोडरचा प्लग काढला, पॉवर दिली आणि जरासं जॉग केलं. मोटार धडपडली, ड्राइव्ह लाल झाला, आणि स्क्रीनवर पहिल्यांदाच अलार्म उमटला. चारही मोटारी थांबलेल्या. मित्र म्हणाला, ‘परत एकदा कर.’ मग तीनही उरलेल्या मोटारींवर त्यानं स्वतःच करून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात व्हीएफडीची केबल आणि शील्डचं अर्थिंग.