दूरस्थ ग्रंथालयप्रवेश : व्हीपीएन-संबंधातील दोष व त्यांचे निदान

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला यवतमाळ जिल्हा अपरिचित नाही. कोलामी ही द्राविडी कुलातील भाषा या जिल्ह्यात बोलली जाते, आणि मरे बी. एमेनो यांचा तिच्यावरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाल्यापासून द्राविडी भाषांच्या तौलनिक अभ्यासात तिला निश्चित स्थान प्राप्त झाले आहे. परंतु पांढरकवडा किंवा वणी येथे राहून क्षेत्रकार्य करणाऱ्या संशोधकाला आज लागणारी नियतकालिके बहुधा ग्रंथालयाच्या कपाटात नसतात. ती प्रकाशकाच्या सर्व्हरवर असतात, व पुष्कळदा वर्गणीदार संस्थेच्या आवारातील संगणकावरच उघडतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेने १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांना उपलब्ध करून दिली, तरी वाचक आवाराबाहेर असला की प्रवेशाचा प्रश्न उरतोच. यवतमाळहून अमरावती सुमारे ९० किलोमीटर आहे; उमरखेडहून ते अंतर पुष्कळच अधिक. एका लेखासाठी एवढा प्रवास करावा लागू नये म्हणून काही विद्यापीठे व संशोधनसंस्था व्हीपीएनची, म्हणजे आभासी खासगी जाळ्याची, सोय ठेवतात. ती ऐन वेळी चालेनाशी झाली म्हणजे काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. कार्यपद्धती

प्रकाशकाचा सर्व्हर वाचकाला ओळखत नाही. तो केवळ आयपी पत्ता ओळखतो. व्हीपीएनमुळे घरचा संगणक आणि संस्थेचा सर्व्हर यांच्यामध्ये सार्वजनिक इंटरनेटमधूनच एक सांकेतिक बोगदा निर्माण होतो, आणि वाचकाची मागणी त्या बोगद्यातून जाऊन संस्थेच्या पत्त्यानिशी बाहेर पडते. हा संबंध चार पायऱ्यांनी जुळतो : सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सापडणे, त्या पत्त्यापर्यंत पोहोचणे, परस्परांची ओळख पटणे, आणि बोगद्यातून प्रत्यक्ष वाहतूक सुरू होणे. दोष कोणत्या पायरीवर आहे हे कळले की निम्मे निदान झाले.

२. दोषक्रमांकांचा अर्थ

‘संबंध जुळू शकला नाही’ हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारचा क्रमांक मात्र पुष्कळ सांगतो. विंडोज प्रणालीत ८६८ हा क्रमांक पहिल्या पायरीचा आहे : सर्व्हरच्या नावावरून पत्ता सापडलेला नाही. नावाचे टंकन तपासावे, व साधी संकेतस्थळे तरी उघडतात की नाही ते पाहावे. ८०९ हा दुसऱ्या पायरीचा. सर्व्हरकडून उत्तर येत नाही. मध्ये कोठेतरी फायरवॉल किंवा राउटर अडवीत आहे. आयपीसेक पद्धतीला यूडीपीचे ५०० व ४५०० हे पोर्ट लागतात, ओपनव्हीपीएनला सामान्यतः ११९४. वसतिगृहाच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्यात हे बंद असू शकतात. अशा ठिकाणी संस्थेने ४४३ या पोर्टावरील पर्याय ठेवला असल्यास तो वापरावा, कारण सुरक्षित संकेतस्थळांची वाहतूक त्याच पोर्टाने होत असल्याने तो सहसा बंद नसतो.

६९१ व १३८०१ हे तिसऱ्या पायरीचे क्रमांक होत. पहिल्याचा अर्थ नाव वा पासवर्ड मान्य झालेला नाही, अथवा ओळख पटविण्याची निवडलेली पद्धती सर्व्हरला चालत नाही. दुसऱ्याचा संबंध पुष्कळदा प्रमाणपत्राशी असतो. येथे एक क्षुल्लक वाटणारे कारण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जुन्या संगणकातील लहान गोल बॅटरी संपली असेल तर वीज जाताच त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग आजचे प्रमाणपत्र त्याला ‘अद्याप लागू न झालेले’ दिसते व तो ते नाकारतो. तारीख सुधारावी, बॅटरी बदलावी.

३. संबंध जुळूनही लेख न उघडणे

हा दोष अधिक फसवा आहे, आणि त्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले असे की, काही संस्था केवळ आपल्या अंतर्गत पत्त्यांचीच वाहतूक बोगद्यातून नेतात. प्रकाशकाकडे मागणी घरच्याच पत्त्याने जाते व तो वर्गणी मागतो. दुरुस्ती संस्थेच्या तंत्रज्ञाकडूनच व्हावी लागते. दुसरे, घरच्या राउटरची पत्त्यांची श्रेणी, उदाहरणार्थ १९२.१६८.१, आणि संस्थेची श्रेणी एकच असली, तर संगणक ग्रंथालयाचा सर्व्हर घरातच शोधीत बसतो. राउटरची श्रेणी बदलली की हा घोटाळा मिटतो. तिसरे, प्रवेशपृष्ठ उघडते पण मोठी संचिका अर्ध्यावर थांबते. सामान्य जाळ्यात एका पुडक्याची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. बोगद्याचे वेष्टन चढले की भरलेले पुडके त्या मर्यादेत मावत नाही व वाटेत गळते. ही मर्यादा १४०० किंवा १३०० पर्यंत उतरवून पाहावे.

४. निदानाची रीत

ध्वनिविचारात ‘काल’ आणि ‘खाल’ यांसारखे न्यूनतम युग्म घेऊन एकाच घटकाचा भेद तपासतात. येथेही तीच रीत उपयोगी पडते : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून संबंध जुळला, तर दोष घरच्या राउटरमध्ये वा सेवा पुरविणाऱ्याच्या जाळ्यात आहे. दोन्हीकडे तोच क्रमांक आला, तर दोष संगणकात, खात्यात किंवा सर्व्हरमध्ये असण्याचा संभव अधिक. मग त्याच खात्याने दुसऱ्या संगणकावर प्रयत्न करावा. एकदम पाच गोष्टी बदलल्या तर संबंध कदाचित जुळेल, पण तो कशामुळे जुळला हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी सारे शोधकार्य पुन्हा आरंभापासून करावे लागेल.

५. वर्ज्य उपाय

प्रबंधाची मुदत जवळ आली की उतावीळपणे तीन उपाय केले जातात : फायरवॉल कायमची बंद करणे, सहाध्यायाचा पासवर्ड मागून घेणे, आणि कोठलेही मोफत व्हीपीएन बसविणे. पहिल्याने संगणक उघडा पडतो. दुसऱ्याने दोघांचेही खाते बंद होण्याचा धोका उद्भवतो. तिसरा तर या कामी निरुपयोगीच आहे. कारण मोफत व्हीपीएन जो पत्ता देते तो वर्गणीदार संस्थेचा नसतो, आणि वाचकाची सारी वाहतूक मात्र अनोळखी हाती जाते. त्यापेक्षा संस्थेने गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ ही प्रवेशपद्धती स्वीकारली आहे काय, याची चौकशी करावी. तीत संस्थेच्या नाव-पासवर्डावरच प्रवेश मिळतो, व्हीपीएन लागत नाही.

इतके करूनही दोष राहिला तर तंत्रज्ञाला लिहिताना दोषक्रमांक, दिनांक व वेळ, वापरलेले जाळे, आणि करून पाहिलेले बदल क्रमाने कळवावेत. ‘चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून तंत्रज्ञाला काहीच करता येत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक प्रयत्न वेळेसह नमूद झालेला असतो. वेळ नेमकी कळविली तर ती नोंद काढणे सोपे जाते. तिसऱ्या पायरीवरील दोष पुष्कळदा याच नोंदीवरून उलगडतो. नोंदवहीत वाचकाच्या प्रयत्नाचा मागमूसच नसेल, तर त्याची मागणी दुसरी पायरी ओलांडून सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही असे समजावे, आणि शोध पुन्हा वाटेतील जाळ्याकडे वळवावा.