नुसत्या काट्यावर जाऊ नका : भूमध्य किनाऱ्यावरचं एमेक्स

भूमध्य समुद्राच्या वाळूत अनवाणी चालताना काटेरी फळ टोचलं, तर आपण लगेच म्हणू, ‘हा तर आपला सराटा!’ सराटा तिथेही उगवतो, त्यामुळे नुसत्या काट्यावरून ओळख पटत नाही. आधी पान पाहू. सराट्याचं पान चिंचेसारखं, अनेक पर्णिकांचं, फूल पिवळं. या रोपाचं पान मात्र साधं, पालकासारखं. फुलं हिरवट, बारीक. खोडाच्या पेरावर पापुद्र्यासारखं आवरण. ही खूण चुक्याच्या कुळाची. फळाला तीन काटे दिसले, की हे एमेक्स स्पायनोसा. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला चुक्याच्याच रुमेक्स प्रजातीत ठेवलं होतं.

आता बुडाशी माती उकरून बघू. तिथेही फळं असतात. वरच्यांपेक्षा मोठी, पण आखूड काट्यांची. वरची फळं पायांना टोचून दूर जातात, खालची जागच्या जागी रुजतात. म्हणून हे रोप एका हंगामात वाळलं, तरी संपत नाही. शेतात ते नुसतं वरून कापून भागत नाही. फळं पिकायच्या आत बुडासकट उपटावं लागतं. त्यासाठी आपल्याला ते काटे येण्याआधी, पानावरून आणि पेरावरून ओळखता यायला हवं.