पाखराचा सव्वा महिना

दिवाळी आटोपली आणि अकोल्याच्या नणंदेकडची राणी आमच्याकडे अमरावतीला आली. राणी म्हणजे कॉकाटीलची मादी, राखाडी अंगाची, डोक्यावर तुरा. नणंदेची बदली झाली होती, नव्या जागी पाखरू नेणं शक्य नव्हतं. पिंजऱ्यावर सुती पंचा टाकला, मूर्तिजापूरला गाडी सावलीत थांबवून पाणी दाखवलं आणि घरी पोचल्यावर पिंजरा थेट वरच्या खोलीत नेला. खाली दिवाणखान्यात आमचा गोट्या होता, पाच वर्षांचा नर. राणीची शीळ ऐकून तो दांडीवर येरझाऱ्या घालू लागला.

सासूबाई जिन्याखालून म्हणाल्या, "एकाच घरात राहाचं हाय त वर कायले नेऊन ठेवतं व बाई?"

"आई, सव्वा महिना," मी म्हटलं. पुढं काही सांगावं लागलं नाही. बाळंतिणीची खोली, तिचं वेगळं अंथरूण-पांघरूण, बाहेरून आलेल्यानं हातपाय धुतल्याशिवाय लेकराला हात न लावणं, हे सारं त्यांनी स्वतः पाळलं आहे.

हा सव्वा महिना मी फार महाग पडून शिकले. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे चार बजरीगर होते. आपल्याकडे दुकानदार त्यांना 'लव्हबर्ड' म्हणूनच विकतात, पण ते ऑस्ट्रेलियातले बजरीगर. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि चोचीनं जबर. या नावाच्या घोटाळ्यापायी कोणी दोन्ही एका पिंजऱ्यात टाकतं आणि सकाळी बजरीगराची बोटं रक्ताळलेली सापडतात. माझी चूक वेगळी होती. बाजारातून आणखी दोन बजरीगर आणले आणि त्याच दिवशी जुन्या चौघांत सोडले. नव्यातला एक जरा फुगून बसत होता. प्रवासानं थकला असेल, असं मला वाटलं. पंधरा दिवसांत सहापैकी पाच गेले. डॉक्टर म्हणाले, आजार नव्यांबरोबर आला असावा. एकटी उरलेली निळी मादी कितीतरी दिवस रिकाम्या दांडीकडे तोंड करून बसायची.

पाखरू आजार लपवतं. रानात कमजोर दिसलं की शिकारी टिपतो, म्हणून शेवटपर्यंत ते धडधाकट असल्यासारखं वागतं. आपल्याला कळतं तोवर बराच उशीर झालेला असतो. पोपटांच्या जातीत सिटॅकोसिस नावाचा जिवाणूचा आजार असतो. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ हवेत मिसळते, श्वासातून आत जाते. तो माणसालाही होतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांमुळे त्याची साथ अमेरिकेत आणि युरोपात पसरली होती. घरात पाखरं असतील आणि ताप-खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना पाखरांचं आवर्जून सांगा. औषधानं हा आजार बरा होतो, फक्त तो वेळेवर ओळखता आला पाहिजे.

म्हणून नुसता पिंजरा वेगळा ठेवून भागत नाही, हवा वेगळी लागते. आणि वऱ्हाडात हवा म्हटलं की कूलर आलाच. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, खिडकीतला कूलर बाहेरची हवा एका खोलीत जोरानं सोडतो आणि ती सगळ्या घरातून फिरून बाहेर पडते. नवं पाखरू कूलरजवळच्या खोलीत ठेवलं, तर त्याची धूळ जुन्याच्या नाकाशी पोचलीच समजा. शिवाय कूलरच्या ओल्या ताट्यांना बुरशी धरते, ती पाखरांच्या फुप्फुसाला वाईट. उन्हाळ्यात मी नवं पाखरू आणतच नाही. दिवाळी ते संक्रांत हा काळ बरा, फक्त रात्री थंडीचं पांघरूण घालायचं.

कामाचा क्रम ठरलेला. सकाळी आधी गोट्याचं दाणापाणी, मग राणीचं. वर जाताना वेगळा जुना गाऊन, वेगळा झाडू, वेगळ्या वाट्या. खाली येण्याआधी गाऊन बदलायचा, कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे. पिंजऱ्याच्या तळाला कोरा कागद, कारण त्यावर विष्ठा नीट दिसते. हिरवट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी, असं असेल तर ठीक. नुसतं पाणी, पोपटी हिरवा रंग किंवा न पचलेले दाणे दिसले की डॉक्टर गाठायचा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा मी वर नेला. राणी पहिल्या दिवशी ८४ ग्रॅम भरली, चौथ्या दिवशी ८१. जीव धास्तावला. नणंदेला फोन केला, तेव्हा कळलं की तिकडे ती ओल्या राळ्यावर वाढलेली, आणि मी कोरडी बाजरी देत होते. आठव्या दिवशी काटा ८५ वर आला. असा हिशोब वहीत नसता, तर ते तीन ग्रॅम माझ्या लक्षातही आले नसते.

अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जवळपास पाखरांचा जाणकार डॉक्टर नसेल, तर तिथं विचारणा करावी. पाखराबरोबर विष्ठेचा ताजा कागदही न्यावा.

पोपट म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर मिठूच येतो, लाल चोचीचा, गळ्याला कंठी असलेला. माझं माहेर दर्यापूरकडचं. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून आम्ही गोफण फिरवायचो आणि हिरवा थवाच्या थवा ओरडत उठायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी कोणीतरी कडुनिंबाच्या ढोलीतून पिल्लं काढून आणायचं. आज सांगते, ते करू नका. मिठू हा आपल्या रानातला पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं हा गुन्हा आहे. जखमी मिठू सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आफ्रिकन ग्रे किंवा सन कोन्यूरसारखी परदेशी जात घरी असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे 'परिवेश' पोर्टलवर तिची नोंदणी करावी लागते. कॉकाटील आणि बजरीगर यांना ती लागत नाही.

अडतिसाव्या दिवशी राणीचा पिंजरा खाली आला, पण दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला. गोट्यानं तुरा मागं चप्प बसवला आणि फुसफुसला. तुरा असा चपटा झाला की समजावं, राग आहे. सरळ ताठ उभा राहिला तर दचकलंय. अर्धवट उचललेला, सैल तुरा दिसला की मन शांत. रोज त्याचा तुरा बघून मी राणीचा पिंजरा हातभर पुढं सरकवायची. एखाद्या दिवशी तो फारच चिडला, की परत मागं. या दिवसांत खाणं आधी गोट्याला, हाकही आधी त्यालाच. जुन्या पाखराला आपली जागा गेली असं वाटलं, की ते नव्यावर धावतं, नाहीतर स्वतःचीच पिसं उपटायला लागतं.

नव्याला जुन्याच्या पिंजऱ्यात कधीही सोडू नये. तो त्याचा गड असतो. आम्ही दोघांना तिसऱ्याच ठिकाणी, मागच्या खोलीत बाहेर काढलं. आधी छताचा पंखा बंद करून बटणावर चिकटपट्टी लावली, खिडक्या लावल्या, आरसा चादरीनं झाकला, गॅसवर काही नाही याची खात्री केली. नॉनस्टिक तवा जास्त तापला, तर त्याच्या वाफेनं पाखरं मिनिटांत दगावतात. खाण्याच्या दोन वाट्या दोन टोकांना ठेवल्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. गोट्या दोरीच्या या टोकाला, राणी त्या टोकाला. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं.

सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. एकदा गोट्या चोच उघडून राणीच्या पायावर गेला, तेव्हा माझ्या आधी त्यांनीच मध्ये टॉवेल धरला. असा प्रसंग आला की मध्ये हात घालू नये, चावा जोराचा बसतो. दोन दिवस विश्रांती देऊन पुन्हा सुरू केलं. पौष निम्मा सरला, तेव्हा एके दुपारी राणीनं मान खाली घातली आणि गोट्यानं तिच्या तुऱ्यामागची पिसं हलकेच विंचरली.

रात्री दोघांचे पिंजरे अजून वेगळेच असतात, वीतभर अंतरावर. दिवा मालवला की आधी गोट्याची शीळ ऐकू येते, मग राणीची.