खुदरी, शिंगटी आणि कर्नल साइक्स

सजीवांची द्विनाम पद्धती शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "ही शास्त्रीय नावं इतकी अवघड का? आपल्या भाषेत का नाहीत?" आपणही ठरलेले उत्तर देतो. लॅटिन ही आज कोणाचीच बोलीभाषा नाही, त्यामुळे कोणावर अन्याय होत नाही, वगैरे. पुढच्या खेपेला हा प्रश्न आला तर फळ्यावर चार नावे लिहून पाहा: मिस्टस सींगटी, रीटा गोगरा, गारा मुल्या आणि टॉर खुदरी. मुले पहिला शब्द सोडून देतील आणि दुसऱ्यापाशी थबकतील. शिंगटी, घोगरा, मल्या ही तर आपल्या नद्यांतल्या माशांची नावे! भीमेच्या काठचा एखादा मुलगा वर्गात असला, तर तो हे मासे कसे दिसतात तेही सांगेल.

भोयांच्या आणि कोळ्यांच्या तोंडची ही नावे जगाच्या प्राणिशास्त्रात नेऊन बसवली ती एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. विल्यम हेन्री साइक्स हे त्याचे नाव. त्याचा जन्म १७९० चा. जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा असताना तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात तो होता. पुढे हिंदुस्थानी आणि मराठी या भाषांची दुभाष्याची परीक्षा तो उत्तीर्ण झाला. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला पेशव्यांच्या फौजेशी जी लढाई झाली, तीत कंपनीच्या बाजूने लढणाऱ्यांतही तो होता. म्हणजे पुणेकरांची आणि साइक्सची पहिली भेट काही माशांच्या निमित्ताने झालेली नाही.

दुसरी भेट मात्र वेगळी. मधली काही वर्षे युरोपात घालवून तो १८२४ मध्ये परतला, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. नव्याने हाती आलेल्या मुलखात माणसे किती, जमीन कशी, पिके कोणती, धान्याचे भाव काय, पाऊस किती, हे सारे कंपनीला हवे होते. हेतू उघड होता, सारा वसूल करणे. १८२९ च्या अखेरीस हे पदच रद्द झाले, तरी साइक्सने रजा घेऊन काम पुरे केले आणि १८३१ मध्ये तो मायदेशी गेला.

या सहा-सात वर्षांत घोड्यावरून गावोगाव फिरताना त्याने जे जे हलताना दिसले ते ते टिपले. दख्खनच्या रानकुत्र्याचे वर्णन त्याने १८३१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याला लोक 'कोळसून' म्हणतात हेही नोंदवले. पुढच्याच वर्षी लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात दख्खनच्या पक्ष्यांची मोठी यादी आली. पुण्यात त्याने मुंग्याही पाहिल्या. पावसाने वारुळातले गवताचे बी भिजले की मुंग्या ते बाहेर आणून उन्हात वाळत घालतात, हे त्याचे निरीक्षण. मुंग्या धान्य साठवतात ही जुनी समजूत युरोपातल्या विद्वानांनी दंतकथा म्हणून बाजूला सारली होती. ती खरी ठरण्यात पुण्यातल्या या नोंदीचाही वाटा आहे. शाळेच्या मैदानावर ऑक्टोबरात थोडे लक्ष ठेवले तर हे दृश्य आपल्यालाही दिसू शकते.

पण आपला विषय मासे. 'दख्खनचे मासे' हा त्याचा सचित्र निबंध १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतील ४६ जाती त्यात आहेत आणि त्यांपैकी बहुतेक त्याने नव्या म्हणून दिल्या. एका नदीच्या खोऱ्यातून इतक्या! उष्ण हवेत मेलेला मासा काही तासांत रंग टाकतो आणि कुजतो. म्हणून साइक्सचा भर मासा ताजा असतानाच मोजमाप घेऊन चित्र काढण्यावर होता. माशाची जात ओळखताना परातील काटे किती, अंगावरच्या मध्यरेषेवर खवले किती, तोंडापाशी मिशा किती, अशा मोजता येणाऱ्या गोष्टी महत्त्वाच्या असतात. सांख्यिकीच्या माणसाला हे काम जमले यात नवल नाही.

नव्या जातीला नाव देताना काही वेळा त्याने साहेबांची आठवण ठेवली. एका वामीला एल्फिन्स्टनचे नाव मिळाले, एका मोठ्या बिनखवल्याच्या माशाला ब्रिटिश म्युझियममधल्या चिल्ड्रेन यांचे. ज्यांनी जाळ्यातून मासा काढून त्याच्या हाती दिला त्या भोयांपैकी एकाचेही नाव कोणत्या जातीला लाभलेले नाही. हे खटकते. पण त्यांचे शब्द मात्र राहिले, आणि साहेबांच्या नावांपेक्षा किती तरी अधिक राहिले. महसीरला भीमाकाठी खडची म्हणतात. साइक्सच्या कानाला तेच 'खुदरी' ऐकू आले असावे, असा माझा तर्क आहे.

आता यातली खरी मौल्यवान गोष्ट. नव्या जातीचे वर्णन करताना ती कोठे मिळाली हे सांगावे लागते. ते स्थळ त्या जातीला कायमचे चिकटते. पुढे कधी शंका आली तर अभ्यासकाने त्या स्थळी जाऊन तिथला मासा पाहावा, अशी ही सोय आहे. खुदरीचे स्थळ साइक्सने दिले आहे: मुळा-मुठा, पुण्याच्या पूर्वेला आठ मैल. म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण मांजरीच्या आसपास. मुसुल्ला नावाच्या दुसऱ्या मोठ्या माशाचे स्थळ शिरूरजवळची घोडनदी.

या दोन्ही जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे मुसुल्ला म्हणजे नेमका कोणता मासा यावर दीर्घकाळ घोळ होता. कित्येक दशके पुस्तकांत तो महसीर म्हणून वावरला. २०१३ मध्ये अभ्यासकांनी साइक्सचे वर्णन बारकाईने तपासून दाखवले की तो महसीर नव्हेच, हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतला आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका वर्णनावर आणि एका स्थळाच्या नावावर हा निकाल लागला.

साइक्सनंतर पुण्याच्या माशांकडे अनेकांनी पाहिले. फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याहून मिळालेल्या एका चिमुकल्या मुऱ्याला कर्नल एव्हेझर्डचे नाव दिले. १९४२ मध्ये फ्रेझर आणि पाठोपाठ होरा व मिश्रा, १९४४ मध्ये सुटर, १९६३ मध्ये तोणपी आणि मुळेरकर, २००३ मध्ये वाघ आणि घाटे अशा याद्या होत गेल्या. एकाच शहराच्या नद्यांतील माशांच्या इतक्या याद्या आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी असतील. त्या शेजारी शेजारी ठेवल्या की देशी जाती कशा विरळ होत गेल्या आणि तिलापिया, गप्पी, गंबुसिया हे पाहुणे कसे शिरले ते दिसते. पहिली यादी नसती तर "पूर्वी नदीत पुष्कळ मासे होते" यापलीकडे आपल्याला काही सांगता आले नसते.

आणि खुदरी? धरणांमुळे त्याची वर चढून अंडी घालण्याची वाट तुटली. शहराच्या सांडपाण्याने खालच्या पाण्यातला प्राणवायू गेला. महसीरला वाहते, थंड, भरपूर प्राणवायूचे पाणी लागते. मांजरीच्या पुलावरून खाली पाहिले म्हणजे तो तिथे का नसावा हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र याच खोऱ्यात, लोणावळ्याजवळ वळवणला, १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपन्यांनी महसीरच्या कृत्रिम पैदाशीचे केंद्र चालवले. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी खुदरीची अंडी आणि पिलांची वाढ यांवर केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिथे वाढवलेली लाखो पिले देशभरच्या तलावांत आणि नद्यांत सोडली गेली.

त्यांतली काही कावेरीत गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत मूळचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला अतिशय मोठा महसीर होता, आणि त्याला तेव्हा शास्त्रीय नावही नक्की नव्हते. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी आहे हे निश्चित झाले, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोहोचला होता. तो घटण्याच्या कारणांत बाहेरून आणून सोडलेला खुदरी हे एक प्रमुख कारण अभ्यासक देतात. पुण्याचे स्थळ अंगावर वागवणारा मासा मुळा-मुठेत नाही, आणि जिथे नको तिथे, कावेरीत, तो सुखाने वाढतो आहे.