वहीपुस्तकातला ठिपक्यांचा चौकोन

बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसतो, तो क्यूआर कोड. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो पाठ्यपुस्तकांना जोडला. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.

तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी चालतं. मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. मजकुरासोबत थोडी जादा माहिती गणिताने गुंफलेली असते. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून मूळ मजकूर परत मिळवता येतो. दुसरीतल्या मुलाच्या दप्तरात शाईचा डाग, डब्यातलं तेल हे आलंच! त्यातही कोड बहुधा वाचला जातो.

मात्र कवितेची चाल किंवा चित्रफीत त्या ठिपक्यांत नसते, असतो फक्त तिचा पत्ता. रेंज नसलेल्या वाडीवर तो पत्ता कुठेच पोहोचवत नाही. तिथे गुरुजींनी चित्रफीत आदल्या दिवशीच मोबाइलमध्ये उतरवून आणावी लागते.