जुन्या दप्तरांतील आडनावे

आडनाव ही पिढ्यानुपिढ्या न बदलणारी वस्तू आहे, असे आपण धरून चालतो. जुने कागद हाती आले की हा समज टिकत नाही. समजा, घरातले पणजोबा एका कागदात ‘वानखडे’, दुसऱ्यात ‘वानखेडे’ आणि तिसऱ्यात नुसते ‘पाटील’ आहेत. मग हे तिघे एकच की निराळे? पूर्वी हा प्रश्न वंशावळीची हौस असणाऱ्यांपुरता होता. आता इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा पाहिला जातो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदी धुंडाळायला घेतल्या, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांची गरज सर्वांनाच कळून आली. एका मात्रेवर मुलाचा प्रवेश अडू शकतो.

म्हणून प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आडनावाचे रूप बदलले म्हणजे कूळ बदलले असे नव्हे. पुष्कळदा बदललेला असतो तो लिहिणारा.

मोडी ही भराभर लिहिण्याची लिपी. तिच्यात ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत, शब्दही सुटे सोडीत नाहीत. तेव्हा एखादी मात्रा किंवा अनुस्वार निसटला तर नवल नाही. पुढे मध्यप्रांतात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत कारभार चाले. हिंदी वळणाच्या लेखनिकाने ‘काळे’ ऐकले आणि ‘काले’ लिहिले. इंग्रजीत तर ‘त’ आणि ‘ट’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच अक्षर. टी, ए, एल, ई ही चार अक्षरे टाले, टाळे, ताले, तळे यांपैकी कशीही वाचावीत! थोर घराण्यांचीही यातून सुटका झाली नाही. शिंद्यांचे ‘सिंदिया’ झाले, गायकवाडांचे ‘गायकवार’ झाले, आणि नागपूरकर भोसले इंग्रजांच्या कागदांत ‘भोंसला’ म्हणून वावरले. भरीला १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि ‘नांव’, ‘गांव’ यांवरचे अनुस्वार गेले.

दुसरे कारण याहून खोल आहे. जुन्या कारभाराला माणूस ओळखायला आडनाव लागेच असे नाही. ‘गणपत वल्द महादू’ एवढे लिहिले की काम भागे. वल्द किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. आयर्लंडमध्येही असेच होते. तेथील ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे वंशज. ही गेलिक नावे इंग्रज कारकुनांनी कानाला लागली तशी उतरविली, आणि एकाच घराण्याची अनेक रूपे झाली. आपल्याकडे पाटील, देशमुख, कुळकर्णी ही वतनांची नावेही आडनावे बनली. म्हणून रूप भिन्न असूनही माणूस एक असू शकतो, तसेच आडनाव एक असूनही कुळे भिन्न असू शकतात. दोन गावचे दोन पाटील भाऊबंद असतीलच असे नाही.

मग शोध कसा घ्यावा? माहीत असलेल्या पिढीकडून मागे जावे. आडनाव डळमळीत असेल तर गाव, बापाचे नाव आणि जमीन यांना घट्ट धरावे. शाळेचे दाखलखारीज, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि बंदोबस्ताची मिसल ही एकमेकांशी ताडून पाहावीत. यांपैकी दोन गोष्टी तीन कागदांत जुळल्या, तर मात्रेचा फरक फारसा उरत नाही. त्या जुळल्या नाहीत, तर सारखे आडनावही उपयोगाचे नाही.

पुलगावकरांना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आपले गाव रेल्वे आणि कापडाच्या गिरणीमुळे वाढले. अनेकांचे पूर्वज बाहेरून आले. तेव्हा त्यांचे कागद मूळ गावी शोधावेत. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा झाला, म्हणून त्याआधीचे कागद नागपूरच्या नावे असणार. नदीपलीकडे वऱ्हाड. तिकडे रयतवारी, इकडे मालगुजारी. पूल ओलांडला की दप्तराची रीतच पालटते.

शेवटी एक विनंती. जुन्या कागदातील आडनाव आजच्या रूपाशी जुळविण्यासाठी त्यावर कुणीही लेखणी चालवू नये. खाडाखोड झालेला कागद पुरावा म्हणून संशयास पात्र होतो. त्यापेक्षा एक वही करावी आणि प्रत्येक रूपापुढे साल, दप्तर आणि लिपी लिहावी. रूपे का बदलली हे त्या वहीवरून दाखविता आले, तर जी विसंगती वाटत होती तीच आपल्या बाजूची साक्ष ठरते.