जुनी पेट्रोल जीप मध्येच का अडते?

पहाटे तोडलेली मेथी-कोथिंबीर लिलावाच्या वेळी बाजारात पोचली, तरच तिला चार पैसे मिळतात. दुधाचे कॅन सकाळच्या संकलनास पोचले नाहीत, तर उन्हात दूध नासण्याचे भय असते. अशा वेळी माल लादलेली गाडी अंगणातच सुरू होण्यास नकार देते, किंवा सहा-सात किलोमीटर जाऊन माळावर बंद पडते, तेव्हा शेतकऱ्याचे नुकसान केवळ गाडीपुरते राहत नाही.

त्यानंतर बहुधा असे घडते की, 'कार्ब्युरेटर गेला' असा निकाल दिला जातो. नवा कार्ब्युरेटर बसतो, प्लग बदलले जातात, आणि आठ दिवसांनी गाडी त्याच माळावर पुन्हा थांबते. दोष टाकीच्या झाकणातील बुजलेल्या बारीक छिद्रात असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होय. सुटे भाग बदलण्यापूर्वी दोषाचे कारण क्रमाने शोधावे, हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

१९४७ साली मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाल्यानंतर विकास गटांच्या कामात जीप गावोगावी दिसू लागली. पुढे अनेक गाड्यांना डिझेल इंजिने बसली. तथापि ज्यांच्यापाशी मूळ पेट्रोल इंजिनाची, मागे हौदा असलेली जीप अजून चालती आहे, त्यांना पुढील माहिती उपयोगी पडेल.

इंजिनाच्या तीन गरजा

पेट्रोल इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा मिसळलेले पेट्रोल, योग्य क्षणी पडणारी जोरदार ठिणगी आणि सिलिंडरातील पुरेसा दाब. वजनाने पाहता एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा लागते. इंजिन थंड असताना पेट्रोलाची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढून हवा कमी करावी लागते. यांपैकी कोणती गरज अपुरी पडते आहे, एवढे ठरले की निम्मे काम झाले.

पाना उचलण्यापूर्वी

गाडी केव्हा अडते, हे प्रथम नीट पाहावे. सकाळी थंड असताना सुरू होत नाही, की तापल्यावर? काही अंतर गेल्यावर बंद पडते, की केवळ उभी असताना? बंद पडताना आचके देत पडते, की दिवा विझावा तशी एकदम? पेट्रोल अपुरे पडले, तर इंजिन बहुधा आचके देत, दम सोडत थांबते. ठिणगी तुटली, तर ते बहुधा एकाएकी थांबते. हा भेद निर्णायक नसला, तरी शोधाची दिशा दाखवितो.

थंड गाडी सुरू होत नसेल तर

स्टार्टर इंजिन रेंगाळत फिरवीत असेल, तर बॅटरीची टोके पाहावी. त्यांवरील पांढरी-हिरवी बुरशी साफ करून ती घट्ट करावी. इंजिनास जोडलेली अर्थिंगची पट्टीही तपासावी. नंतर एअर क्लीनर काढून, चोक ओढल्यावर त्याची झडप पूर्ण मिटते की नाही, हे पाहावे. पुष्कळदा तार सैल झाल्याने झडप अर्धवटच मिटते. उलटपक्षी, इंजिन तापल्यावर झडप पूर्ण उघडली नाही, तर काळा धूर येतो, पेट्रोलाचा वास सुटतो आणि गाडी गुदमरून थांबते.

जीपच्या चार सिलिंडरच्या हरिकेन इंजिनात पॉइंटमधील अंतर सुमारे ०.५० मिलिमीटर आणि प्लगमधील अंतर सुमारे ०.७५ मिलिमीटर ठेवावयाचे असते. जळलेले पॉइंट व काजळी धरलेले प्लग थंड इंजिनास विशेष त्रास देतात. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरते. ते आतून कोरड्या फडक्याने पुसावे. तारा काढल्यास त्या १-३-४-२ या क्रमानेच परत लावाव्या.

ठिणगी की पेट्रोल?

गाडी अडलेली असताना, तेथल्या तेथे दोन परीक्षा कराव्या. पहिली ठिणगीची. एक जादा प्लग तारेस लावून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूस घट्ट टेकवून बांधावे. ही जागा कार्ब्युरेटरपासून दूर असावी. स्टार्टर फिरविताना निळी, कडक ठिणगी दिसली, तर वीज ठीक आहे असे समजावे. ठिणगी फिकट, पिवळसर असेल किंवा पडतच नसेल, तर कॉईल, कंडेन्सर व पॉइंट यांकडे वळावे.

दुसरी परीक्षा पेट्रोलाची. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढावा आणि बाजूने पाहत ॲक्सिलरेटर एकदा दाबवावा. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलाची बारीक धार उडाली, तर फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे. धार न उडाल्यास पेट्रोल मागेच अडलेले असण्याचा संभव अधिक. ठिणगी व पेट्रोल दोन्ही ठीक असून गाडी सुरू होत नसेल आणि तिची ओढही कमी झाली असेल, तर व्हॉल्व्हचे अंतर व सिलिंडरातील दाब जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावा.

काही अंतर गेल्यावर थांबणे

गाडी थांबताच टाकीचे झाकण उघडावे. 'फुस्' असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि नंतर गाडी सुरळीत चालली, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. टाकीत हवा जात नसल्याने पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. थोडा वेळ थांबल्यास हवा हळूहळू शिरते व गाडी पुन्हा सुरू होते. छिद्र साफ करण्यास काहीच खर्च येत नाही.

छिद्र मोकळे असेल, तर पंपाजवळील गाळवाटी पाहावी. तीत गंज, गाळ वा तळाशी पाण्याचा थर असल्यास वाटी धुऊन टाकीचा तळही साफ करावा. भर उन्हाळ्यात नळीतील पेट्रोलाची वाफ होऊन प्रवाह तुटतो. पंपावर व नळीवर ओले फडके ठेवल्याने गाडी लवकर सुरू झाली, तर हेच कारण होय. मग नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी, किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा करावा. पेट्रोल ठीक असून तापल्यावर ठिणगीच नाहीशी होत असेल, तर कॉईल किंवा कंडेन्सर संशयित ठरतो.

उभी असताना बंद पडणे

वेगात ठीक चालणारी गाडी थांबताच बंद पडत असेल, तर मंद गतीचा जेट तुंबलेला असतो, किंवा कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगमधून वा तडकलेल्या नळीतून जादा हवा शिरत असते. चोक किंचित ओढल्यावर इंजिन सुधारले, तर हवा अधिक वा पेट्रोल कमी आहे हे नक्की. जेट तारेने खरवडू नये. त्याचे छिद्र मोठे होते. तो धुऊन हवेच्या दाबाने फुंकावा.

आजचे पेट्रोल व जुने रबर

देशात २०२२ साली पेट्रोलात १० टक्के आणि २०२५ साली २० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. उसापासूनही बनणारे हे इंधन शेतकऱ्याच्या हिताचे असले, तरी जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनविलेले नव्हते. नळ्या व पंपाचा पडदा नरम पडतो किंवा चिरतो, आणि टाकीत साचलेला जुना गाळ सुटून जेटपर्यंत येतो. इथेनॉल पाणी शोषते. पाणी फार झाल्यास दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात. म्हणून इथेनॉलास टिकणाऱ्या नळ्या बसवाव्या आणि गाडी महिनोन्महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नये.

दक्षता

कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची रीत अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. इंजिनाने उलट भडका घेतल्यास हात-तोंड भाजते. ही रीत सर्वथा टाळावी. पेट्रोलाचे काम मोकळ्या हवेत, इंजिन निवल्यावर करावे. जवळ विडी-काडी नसावी. वाळूची बादली असावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या दोन परीक्षा शेतकऱ्यांना एकदा गाडीजवळ उभे करून दाखवाव्या. प्रत्येक शेतकऱ्याने गाडीत एक लहान वही ठेवून, गाडी केव्हा, कशी अडली व कोणत्या उपायाने सुरू झाली, याची नोंद करावी. तीन-चार नोंदी झाल्या की दोष बहुधा आपले नाव आपणच सांगतो. मग मेकॅनिककडे गेल्यावर 'काय बदलू?' हा प्रश्न उरत नाही, आणि भाजीच्या पैशांतून विनाकारण नवा कार्ब्युरेटर घेण्याची वेळ येत नाही.